चौथा चौकोन

माझ्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणतात. शेजारीपाजारी म्हणतात, पोस्टमन म्हणतो, माझी आईसुद्धा जावयाला पेंटरच म्हणायची, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही म्हणायला लागले. भिंती रंगवणारे नव्हेत हं. तशी चूक कुणी केली की यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. हे बोर्ड रंगवणारे. दुकानांवरचे, दवाखान्यांवरचे, शाळेच्या फाटकावरचे. आमच्या भागात हाताने काढलेली अक्षरं जिथे जिथे अजून टिकून आहेत, तिथे खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीक सही दिसते, ती यांची.

माणूस तसा गुणी. व्यसन नाही, आदळआपट नाही, ताटात पडेल ते मुकाट्याने खाणार. खोड एकच, पण तिच्यापायी मी चारचौघांत कितीदा तरी मान खाली घातलीय. कुठे काही वाकडं, अर्धवट, एका बाजूला झुकलेलं दिसलं की यांचे हात शिवशिवतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की आधी भिंतीवरचा फोटो सरळ करणार, मग खुर्चीत बसणार. एकदा अंगात ताप घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्या टेबलावरच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून आले. एका न्हाव्याने बोर्डाच्या डाव्या बाजूला कात्री काढायला सांगितली होती. यांनी उजव्या बाजूला कंगवाही काढून दिला, न मागता. "तोल जात होता," म्हणे. न्हावी खूश झाला ही गोष्ट वेगळी. पण एका वकिलाचं नाव फारच आखूड भरलं म्हणून यांनी दोन्हीकडे दोन गुलाब काढले, तेव्हा तो वकील वर्षभर आमच्याकडे बघून तोंड फिरवायचा.

मग छापील फ्लेक्स आले. सकाळी सांगा, संध्याकाळी तयार. हाताच्या बोर्डाला कोण विचारतो? पेंटरांनी त्याचं रडगाणं कधी गायलं नाही, हे मात्र मी कुणालाही सांगेन. इमारतींच्या वाहनतळात आकडे रंगवायला लागले, रस्त्यावरचे बाण, कारखान्यातल्या पिवळ्या रेघा. त्यातही मजेत. बाणाचं टोक असं काढतील की गाडीवाल्याने थांबून बघावं. फक्त एक होतं. बोर्डाचे ब्रश, ते खारीच्या केसांचे बारीक ब्रश, यांनी कधी बाजूला टाकले नाहीत. रोज संध्याकाळी ते तेलात बुडवायचे, केस बोटांनी सरळ करायचे आणि आडवे ठेवायचे. बोर्ड तर एकही नव्हता. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, काम नाही आणि रोज कसली ही सेवा?" तर म्हणाले, "काम नाही ते ब्रशला काय माहीत?"

आता माझ्या दुकानाचं सांगते. चष्म्याचं दुकान, वडिलांचं, आता माझं. एक खोली, एक काउंटर, एक आरसा, भिंतीला फ्रेमा, मागे काच घासायचं मशीन. स्क्रू घट्ट करणं, नाकावरचे रबर बदलणं, दांडी वाकली तर सरळ करणं, नंबरच्या काचा बसवणं. दिवसभर हात मोकळे नसतात आणि दिवसभर फोन वाजतो. चष्मा झाला का? दुकान किती वाजेपर्यंत उघडं? माझा नंबर तुमच्याकडे लिहिलेला आहे का? एका हातात काच, एका हातात पक्कड, फोन काय नाकाने उचलू?

आमची मुलगी दुसऱ्या गावात एका मोबाइल कंपनीच्या ऑफिसात आहे. सुट्टीवर आली होती, तिने माझी ही धावपळ बघितली आणि एका दुपारी बसून दुकानाचं एक पान तयार केलं. फोनवर उघडायचं. चष्मा तयार आहे की नाही, दुकान कधी बंद, जुना नंबर काय, सगळं त्यात. मी तिला म्हटलं, "छान आहे गं, पण लोकांना कळणार कसं ते पान कुठे आहे?"

"त्याचे दोन मार्ग आहेत," ती म्हणाली. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. तिने खिशातून एक गोल पांढरा स्टिकर काढून टेबलावर ठेवला. टिकलीपेक्षा थोडा मोठा. "हा एनएफसी टॅग. आत बारीक तार असते. फोन याला टेकवला की पान उघडतं. मी यात आपलं पान भरूनसुद्धा ठेवलंय. दुसरा मार्ग क्यूआर कोड. तो काळ्यापांढऱ्या चौकोनांचा. त्याला टेकवावं लागत नाही, लांबून कॅमेरा धरायचा. पण आई, माझं ऐक, तू हा टॅगच घे. तुझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे येतात तेव्हा चष्मा कुठे असतो?"

"माझ्या हातात," मी म्हटलं.

"मग? त्यांना कॅमेरा कुठे धरायचा ते दिसणार कसं? टॅगला नुसता फोन टेकवायचा. आंधळ्यालाही जमेल."

मुद्दा बिनतोड होता. मला पटला. मी ती टिकली उचलून बघत होते, तेवढ्यात पेंटर म्हणाले, "आणि तो दुसरा, चौकोनांचा, तो कसा असतो?"

मुलीने फोनवर दाखवला. पेंटरांनी ताट सरकवलं, हात पुसले, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"हा छापायचा ना?"

"हो बाबा. कागदावर छापायचा, काचेला चिकटवायचा. झालं."

"छापायचा कशाला?" पेंटर म्हणाले. "मी रंगवतो."

यांचे डोळे लकाकत होते. फ्लेक्स आल्यापासून मी ते डोळे तसे बघितले नव्हते. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी पाण्याच्या भांड्याकडे. मला सरळ दिसत होतं की आता प्रश्न टिकलीचा नाही आणि चौकोनांचाही नाही. या माणसाला एक बोर्ड हवा होता. खराखुरा, दारावर लागणारा, लोकांनी वापरायचा बोर्ड. इतकी वर्षं त्याने तो कुणाकडे मागितला नव्हता, आणि आज बायकोच्या दुकानाकडे मागत होता.

"क्यूआर करू," मी म्हटलं.

भांडी घासताना मुलगी माझ्या कानाशी लागली. "आई, तू धंद्याचं बघतेयस की बाबांचं?"

"दोन्हीचं बघतेय. तू ताटं पूस."

तिने जाताना चार टिकल्या स्क्रूंच्या खणात टाकून ठेवल्या, असू देत म्हणाली. कोडचा एक मोठा छापील नमुना यांच्या हातात दिला आणि गेली.

पेंटरांना पत्रा हवा होता, पण मनासारखा मिळेना. शेवटी जुन्या कपाटाची मागची पातळ फळी काढली, घासली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मग मागच्या खोलीत जे काही सुरू झालं ते काय सांगू! दोऱ्याला निळी पूड लावून फळीवर रेघा मारल्या, उभ्या, आडव्या. हाताखाली टेकवायची काठी कुठूनशी बाहेर आली. सकाळी बसायचे ते मी जेवायला हाक मारेपर्यंत उठायचे नाहीत. मध्ये मध्ये गुणगुणणं ऐकू यायचं. मी आत डोकावले की फळी पालथी करायचे. "पूर्ण झाल्यावर बघ." ठीक आहे बाबा. मी खूश होते. घर रंगाच्या वासाने भरलं होतं, डोकं दुखत होतं, आणि मी खूश होते.

पुढच्या सुट्टीला मुलगी आली तेव्हा बोर्ड लावला. दाराच्या बाजूला दोन लोखंडी आकड्यांवर अडकवलेला, भिंतीपासून जरा सुटा. वर लाल अक्षरांत 'तुमचा चष्मा इथे आहे', अक्षरांना सोनेरी सावली, आणि खाली काळेपांढरे चौकोन, असे धारदार की हात लावला तर बोट कापेल. बघणाऱ्याने वा म्हणावं असा. शेजारचा सायकलवाला वा म्हणालाही. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, त्याही आल्या. सगळ्यांनी फोन काढले.

काहीच उघडेना.

सायकलवाला पुढे गेला, मागे गेला, वाकला. बाईंनी चष्मा चढवला, उतरवला. मुलीने स्वतःचा फोन धरला, मग माझा. मग ती बोर्डाच्या जवळ गेली, छापील नमुना शेजारी धरला, आणि तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, हा खाली उजव्या कोपऱ्यातला मोठा चौकोन कुठून आला?"

"तो होय!" पेंटर अगदी कौतुकाने म्हणाले. "अगं, तुमच्या छापणाऱ्याने गाळला होता. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन आणि चौथ्यात नुसती बारीक नक्षी. तोल जात होता. मी घातला."

"बाबा, त्या कोपऱ्यात मोठा चौकोन नसतोच! त्या तीन चौकोनांवरून फोनला कळतं, वर कुठलं आणि खाली कुठलं. चार केल्यावर त्याने काय करायचं? आणि हे इथले सुटे चौकोन जोडले कुणी?"

"ते एकटेएकटे बरे दिसत नव्हते."

सायकलवाला हसायला लागला. मुख्याध्यापिकाबाई हसल्या. मुलगी तर भिंतीला टेकून पोट धरून हसली, आणि पेंटरही हसले. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. म्हणून तर कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण हसताना ते बोर्डावरची आपली सही अंगठ्याने झाकत होते.

मला इतका संताप आला! सायकलवाल्याला म्हटलं, "तुमच्याकडची दुरुस्त केलेली सायकल पहिल्या दिवशी धड चालते का हो? मग दात कसले काढता?" तो बिचारा आपल्या दुकानात निघून गेला. त्याचा काय दोष? पण मला कुणावर तरी ओरडायचंच होतं.

संध्याकाळी पेंटर म्हणाले, "तुझ्या त्या टिकल्या लाव. पोरगी बरोबर सांगत होती. हे माझं काम नव्हे." आवाज अगदी साधा, भाजी आणायची आहे का विचारावं तसा. आणि त्या संध्याकाळी त्यांनी ब्रश तेलात घातले नाहीत. तसेच डब्यात उभे ठेवून झोपायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली की हा माणूस आता खरंच थांबेल.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर परत गेली आणि मी बोर्ड उतरवून मागच्या खोलीत नेऊन यांच्यासमोर आदळला.

"हे काय?" ते म्हणाले.

"काम अर्धवट आहे. मी गिऱ्हाईक आहे, अर्धवट माल घेत नाही. नमुन्याप्रमाणे करून द्या. एक चौकोन कमी नको, एक जास्त नको. आणि स्वतःची अक्कल चालवायची नाही."

"नाही जमलं तर?"

"तर पुन्हा करा. मला घाई नाही."

घाई नाही म्हणे! माझा जीव टांगणीला लागला होता. पण बसले ते. चौथा चौकोन पांढऱ्याने बुजवला, सुकू दिला, पुन्हा बुजवला, मग तिथे नमुन्यातले बारीक चौकोन भरले. जोडलेले चौकोन तोडले. नमुना आणि फळी, नमुना आणि फळी, मान हलतच होती. मधूनच मला हाक यायची. "हे बघ, हा बिचारा इथे एकटाच आहे." मी बाहेरून ओरडायची, "राहू दे एकटा!" थोड्या वेळाने, "या बाजूला नुसती गर्दी आहे गं." "असू दे गर्दी!" इतक्या वर्षांत त्यांनी असं वाकडं काम कधी केलं नव्हतं, आणि माझ्यासाठी ते एकेक वाकडेपण जपून उतरवत होते. मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

बोर्ड पुन्हा लागला. "आता बघ उघडतंय का," असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "आज नको. रंग नीट वाळू दे." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज ऊन फार आहे." यांच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे स्वतः बघण्याची सोय नाही. आणि मी? माझ्याकडे चांगला फोन होता. चार पावलं मागे जाऊन कॅमेरा धरायचा, एवढंच. नाही जमलं. हिंमतच झाली नाही. नाही उघडलं तर? मग त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं? आजवर त्यांचे बोर्ड माणसं वाचत होती, आणि माणसं समजून घेतात. फोन काय समजून घेणार!

मग मी माझी युक्ती केली. पेंटर अंघोळीला गेले होते. स्क्रूंच्या खणातून एक टिकली काढली, बोर्ड भिंतीपासून सुटा होताच, मागे हात घातला आणि बरोबर कोडच्या मागे चिकटवून दिली. पातळ फळी. पुढून फोन टेकवला, आणि टुण! पान उघडलं. माझा जीव भांड्यात पडला. देवाच्या कृपेने यांना पत्रा मिळाला नव्हता, कारण मुलीने सांगितलं होतं, पत्र्यातून ती टिकली मुकी होते.

पहिल्या आल्या मुख्याध्यापिकाबाई. त्यांचा चष्मा माझ्याकडे काउंटरवर, दांडी निखळलेली. मी म्हटलं, "बाई, जरा बोर्डावर फोन धरून बघता? अगदी जवळ धरा हं." चष्म्याशिवाय त्या सगळंच अगदी जवळ धरतात. फोन जवळजवळ फळीला चिकटवला आणि बाई किंचाळल्या, "उघडलं! पेंटर, तुमचा बोर्ड बोलला!" पेंटर आतून धावत आले. बाईंनी पुन्हा करून दाखवलं. पेंटरांनी बोर्डाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून अगदी लहान मुलासारखे हसले. त्या संध्याकाळी ब्रश तेलात गेले. मी मागच्या खोलीच्या दारातून चोरून बघितलं.

मग काय, रोजचं सुरू झालं. लोक यायचे, मी सांगायची, जवळ धरा, टेकवा, लाजू नका. उघडायचं. सायकलवाला वरमून म्हणाला, "पेंटर, आमच्याही दुकानाला एक करून द्या की." पेंटर म्हणाले, "बघतो, वेळ मिळाला तर." वेळ मिळाला तर! ऐकलंत ना? मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

आणि रोज सकाळी शटर उघडलं की माझं पहिलं काम ठरलेलं. फोन घ्यायचा, बोर्डापाशी जायचं, टेकवून बघायचा. टिकली मेली तर नाही ना, पडली तर नाही ना. उघडलं की आत यायचं, मग झाडू, मग काउंटर पुसणं. पेंटर आतल्या स्टुलावर चहा पीत बसलेले असायचे. ते कधी काही बोलले नाहीत.

एकदाच माझी पाचावर धारण बसली. दुपारी काचा आणायला गेले होते, परत आले तर बोर्ड जागेवर नाही. आतून पेंटर म्हणाले, "वॉर्निशचा हात द्यायला घेतलाय. पावसापाण्याने खराब व्हायचा." फळी उलटी केली असेल तर? दिसली असेल तर? मी घाबरत घाबरत आत गेले, तर बोर्ड सरळ ठेवलेला, पुढून चकाकत होता, आणि पेंटर शीळ घालत होते. रात्री जेवताना दोनदा वाढून घेतलं त्यांनी. मी मनात म्हटलं, वाचलो. यांच्या लक्षात आलेलं नाही.

परवा मुलगी आली. बस आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे थांबते. ती उतरली, पिशवी खांद्यावर, तिथूनच फोन वर धरला आणि तिथूनच ओरडली, "बाबा! उघडलं की हो! एवढ्या लांबून! कसला जबरदस्त काढलाय!"

मी हातातली काच खाली ठेवली. एवढ्या लांबून? मधून एक ट्रक गेला, दोन गाड्या गेल्या. ती पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून फोन नाचवत होती. तिथून टिकली कशी लागेल? लागणारच नाही. म्हणजे यांचे चौकोनच वाचले त्या फोनने. नुसते यांचे चौकोन. पहिल्या दिवसापासून वाचत असणार. आणि मी लोकांना सांगतेय, टेकवा, टेकवा! सांगू का, आनंदाने आणि लाजेने माझे कान तापले. आधी ती टिकली तिथून काढायला हवी, मुलगी रस्ता ओलांडून यायच्या आत. मी बाहेर धावले, आकड्यांवरून बोर्ड उचलला आणि उलटा केला.

टिकली जागेवर होती. तिच्याभोवती एक लाल कडं काढलेलं होतं. कड्याभोवती बारीक पाकळ्या, एकसारख्या, प्रत्येक पाकळीला सोनेरी सावली. मी घाईघाईत ती टिकली जरा तिरकी चिकटवली होती, तर खालच्या बाजूला दोन पानं काढून तोल सावरला होता. वरून वॉर्निशचा हात. त्यावर धूळसुद्धा बसली होती.

मागे वळले तर पेंटर दारात उभे.

"कधी बघितलीत?" मी विचारलं.

"वॉर्निश दिलं तेव्हा."

"आणि बोलला नाहीत?"

ते बाहेरच्या पायरीवर बसले. "आधी फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. म्हटलं, हिलासुद्धा खात्री नाही माझी. ब्रश उचलून फेकून द्यावेत असं झालं. तेवढ्यात पोस्टमन आला. त्याला म्हटलं, बाबा रे, मी बोर्ड धरतो, तू रस्त्याच्या पलीकडे जा आणि तिथून फोन धर. हात लावायचा नाही. उघडलं. म्हटलं, पुन्हा कर. उघडलं. शेवटी तो म्हणाला, पेंटर, मला टपाल वाटू द्या."

"मग मला सांगायचं ना तेव्हाच! मी इथे रोज जीव मुठीत धरून त्या बोर्डापाशी..."

तोवर मुलगी येऊन पोचली होती. तिने फळीची मागची बाजू बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं. "काय माणसं आहात!" ती म्हणाली. "आई, ही टिकली काउंटरवर लाव. ज्यांनी चष्मा उतरवलाय त्यांना आत टेकवू दे, बाकीच्यांना बाहेरून बघू दे. मी पहिल्या दिवशी दोन मार्ग सांगितले तर तुम्ही भांडल्यासारखं एकच निवडत बसलात."

"काउंटरवर नुसती नको," पेंटर म्हणाले. "मी खाली लिहून देतो. फोन इथे टेकवा. छोटंसं." बोटांनी हवेत त्यांनी अक्षरांची मापंही घेतली. मुलगी हसत आत गेली, चहा टाकायला.

मी मात्र हलले नाही. "अहो, मी विचारलं त्याचं उत्तर द्या. मला का नाही सांगितलं?"

पेंटरांनी पायरीवरच्या वाकड्या चपला सरळ लावल्या.

"इतके बोर्ड रंगवले गं," ते म्हणाले. "लोक लावतात त्या दिवशी बघतात. नंतर रोज त्याच्याखालून जातात, पण बघत कुणी नाही. आणि इथे तू रोज सकाळी शटर उघडलं की आधी माझ्या बोर्डापाशी जायचीस. हात लावायचीस. मी आतून बघायचो. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

मी बोर्ड आकड्यांवर परत अडकवला. जरा वाकडा लागला असावा, कारण ते उठले आणि त्यांनी तो सरळ केला.

आज सकाळी शटर उघडलं. फोन काउंटरवरच ठेवला आणि बाहेर जाऊन बोर्डासमोर उभी राहिले. आतून चहाच्या कपाचा आवाज येत होता. तो थांबला. मी तशीच उभी राहिले, त्यांना पोटभर बघता यावं म्हणून.